जांभळाची बी, मास स्पेक आणि ३०१ चा पीक

माझा विषय वनस्पतीशास्त्र. पुण्यातल्या एका महाविद्यालयात चौदा वर्षं शिकवते आहे. पीएचडीला नाव घातलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. झाडं ओळखायची, फांद्या दाबून ठेवायच्या, पानाचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे माझ्या हातातलं काम. रसायनशास्त्राशी संबंध बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर सुटला तो सुटलाच. त्यामुळे गाइड मॅडम जेव्हा म्हणाल्या, "जांभळाच्या बियांत अँटिऑक्सिडंट आहेत हे ठीक, पण कोणते आहेत? मास स्पेक कर," म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रावर, मास स्पेक्ट्रोमीटरवर तपास, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही.

एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२४, असे दहा महिने त्यात गेले. शोधनिबंधांत पद्धती चार ओळींत लिहिलेली असते. फॉर्मवर कोणाची सही लागते, नळी कसली वापरायची, पैसे किती बाजूला ठेवायचे, यातलं काही त्या चार ओळींत नसतं. मी ज्या ज्या ठिकाणी अडले ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी जांभूळच का, ते सांगते. आमच्या घरी जांभळं खाल्ली की बिया टाकायच्या नाहीत असा दंडक होता. आजी त्या धुऊन सुपात वाळवायची, खलबत्त्यात कुटून डब्यात भरायची आणि आजोबांना रोज सकाळी चिमूटभर कोमट पाण्यातून द्यायची. औषध म्हणून मी त्याबद्दल काही म्हणत नाही, माझं काम रसायनापुरतं आहे. पण त्या पावडरीची तुरट चव अजून जिभेवर आहे. तो तुरटपणा टॅनिनचा, हे पुढे कळलं.

८ एप्रिलला, शनिवारी, सासवडच्या बाजूला मावसभावाच्या शेतात गेले. बांधावर जुनं जांभळीचं झाड आहे, ते तेव्हा फुलावर होतं. फुलं-पानांसकट दोन फांद्या कापल्या, वर्तमानपत्रात दाबल्या आणि पुढचे आठ दिवस रोज कागद बदलला. ही घाई मुद्दाम केली. फळ जूनमध्ये येतं आणि तेव्हा झाडावर फुलं नसतात. ओळख पटवून घ्यायची तर फुलाची फांदी हाताशी असलेली बरी. हर्बेरियम शीट (वाळलेली फांदी चिकटवलेला नोंदीचा कागद) तयार करून मे महिन्यात कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात दिली. सोबत विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र होतं. शीटवर गोळा केल्याची तारीख, ठिकाण, झाडाची उंची, फुलाचा रंग असं सगळं नीट लिहिलेलं होतं. सायझिजियम क्युमिनी, कुळ मिर्टेसी, असं प्रमाणपत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात आलं. झाड मी डोळे मिटून ओळखलं असतं, तरी हा कागद लागतोच. तो नसेल तर पुढे निबंध परत येतो.

११ जूनला त्याच झाडाखाली चादर धरून फळं झोडपली. प्रमाणपत्र ज्या झाडाचं, बिया त्याच झाडाच्या हव्यात. मंडईतून जांभळं आणून काम भागलं नसतं. नऊ किलो फळं निघाली. गर काढून बिया धुतल्या आणि गच्चीच्या खोलीत सावलीत पसरल्या. त्या वर्षी पाऊस लांबला होता, जूनचा शेवटचा आठवडा उजाडला तरी पुण्यात धड आला नव्हता. शेतकऱ्यांसाठी ते वाईट होतं, पण बिया मात्र बुरशी न लागता वाळल्या. वाळलेली बी मिक्सरमधून काढताना भांडं गरम होतं, म्हणून दहा सेकंद फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं, असं केलं. मग बारीक चाळणीने चाळून पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या हवाबंद करून उणे वीसच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. या पुड्यांनी पुढे मला वाचवलं.

जुलैत डीपीपीएच चाचणी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डीपीपीएच हा एक स्थिर मुक्त मूलक (एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला रेणू) आहे, मेथनॉलमध्ये त्याचा रंग गडद जांभळा दिसतो. अँटिऑक्सिडंट मिळाला की तो फिकट होत पिवळा पडतो, आणि किती फिकट झाला ते ५१७ नॅनोमीटरला मोजतात. मी क्युव्हेट, म्हणजे चाचणीची छोटी पारदर्शक कुपी, हातात धरून खिडकीशी उभी होते. बियांच्या अर्काचे काही थेंब पडले आणि तो रंग आधी वाइनसारखा लाल, मग विटकरी, मग चहासारखा पिवळा होत गेला. जांभळा रंग जांभळाच्याच बीने घालवला. विभागातल्या मामांना हाक मारून दाखवलं, तेही थांबून बघत राहिले.

पण ही चाचणी एवढंच सांगते की आत कोणीतरी आहे. कोण आहे ते सांगत नाही. गॅलिक आम्ल असो, क्वेरसेटिन असो की व्हिटॅमिन सी, तिला सगळे सारखेच. नाव हवं असेल तर रेणूचं वजन करावं लागतं, आणि ते करतं मास स्पेक.

यंत्र काय करतं ते मला एका ऑपरेटर सरांनी समजावलं ते असं. अर्क आधी सी-एटीन कॉलममधून (बारीक कणांनी भरलेल्या नळीतून) जातो, तिथे घटक वेगळे होतात आणि एकेक करून बाहेर येतात. बाहेर पडताना बारीक सुईच्या टोकाला काही हजार व्होल्ट लावलेले असतात, त्यामुळे द्रवाचा फवारा उडतो. नायट्रोजनच्या झोतात थेंब सुकत सुकत लहान होतात आणि शेवटी विद्युतभार घेतलेले रेणू मोकळे होऊन यंत्रात शिरतात. हे इलेक्ट्रोस्प्रे. त्याबद्दल जॉन फेन यांना २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. याआधी नाजूक रेणू न मोडता हवेत उडवणं अवघड होतं. फिनॉलिक रेणू, म्हणजे टॅनिन, क्वेरसेटिन यांच्या जातीचे, आपला एक प्रोटॉन सहज सोडतात, म्हणून ते ऋण भार घेऊन उडतात आणि वजन एकाने कमी दिसतं. ३०२ चा रेणू ३०१ ला दिसतो. म्हणूनच फॉर्मवर 'पॉझिटिव्ह', 'निगेटिव्ह' की 'दोन्ही' असं विचारतात तेव्हा विचार करून खूण करा. बहुतेक ठिकाणी दोन्ही मोडचे पैसे वेगवेगळे लावतात. मी फक्त निगेटिव्ह निवडला आणि खर्च निम्म्यावर आला.

पहिला फॉर्म १७ जुलैला भरला, शहरातल्या एका छोट्या सुविधेसाठी. तिथलं यंत्र साधं, सिंगल क्वाड्रुपोल, आणि दर परवडणारा, एका सॅम्पलला ७०० रुपये. फॉर्मवर माझी, गाइडची आणि विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांचा शिक्का. प्राचार्य बैठकांसाठी बाहेरगावी होते म्हणून शिक्क्याला पाच दिवस गेले. पदार्थ विषारी आहे का, कशात विरघळतो, अपेक्षित वस्तुमान किती, उरलेलं सॅम्पल परत हवं का, असे रकाने असतात. 'अपेक्षित वस्तुमान'समोर मी '१०० ते १०००' लिहिलं. वनस्पतीचा कच्चा अर्क असेल तर असं लिहिलेलं चालतं.

३ ऑगस्टला अर्क घेऊन गेले आणि खिडकीवरूनच परत पाठवलं. बाटली उजेडात धरून तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हा तर काढा आहे. हे कॉलममध्ये गेलं तर कॉलम चोक होईल." त्यांचं बरोबर होतं. मी चाचणीसाठी केलेला घट्ट अर्क तसाच नेला होता, गाळलेलाही नव्हता. चिडल्या नाहीत. काउंटरवरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी कृती लिहून दिली, तो कागद मी अजून वहीत चिकटवून ठेवला आहे. १०० मिलिग्रॅम पावडर, १ मिलिलिटर ८० टक्के मेथनॉल, २० मिनिटं सोनिकेटर (ध्वनिलहरींनी घुसळणारं यंत्र), १०,००० आरपीएमला दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचा नितळ भाग घ्या, दहा पट पातळ करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, काचेच्या व्हायलमध्ये द्या. खाली दोनदा अधोरेखित: नायलॉन फिल्टर नको. नायलॉनला पॉलिफिनॉल चिकटून राहतात, म्हणजे जे शोधायचं तेच फिल्टरवर सोडून यायचं. हायड्रोफिलिक पीटीएफई घ्या. थोडा महाग पडतो, पण घ्या.

१० ऑगस्टला दोन सॅम्पल दिली. १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, मिळून १,६५२. पावती महाविद्यालयाच्या नावाने मागून घ्या. माझ्या नावाने झालेली एक पावती नंतर लेखा विभागाने नाकारली आणि ते पैसे माझ्या खिशातून गेले.

चार दिवसांनी निकाल पीडीएफमध्ये आला. १६९.० ला मोठा पीक (आलेखावर त्या वजनापाशी उठलेलं टोक), ३०१.० ला त्याहून मोठा. आणखी २५५.२ आणि २८३.२. मी निबंध चाळले. ३०१ म्हणजे क्वेरसेटिन, असं पानोपानी लिहिलेलं. कांद्यात असतं, सफरचंदात असतं, सगळ्यात प्रसिद्ध फ्लॅवोनॉइड. वहीत मोठ्या अक्षरात 'क्वेरसेटिन' लिहिलं आणि चौकट केली. २२ ऑगस्टला विभागात सादरीकरण होतं, तिथेही पहिल्याच स्लाइडवर तेच.

गाइड मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "३०१ वजनाचे रेणू किती असतात?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं. क्वेरसेटिनचं सूत्र सी-१५ एच-१० ओ-७. एलॅजिक आम्लाचं सी-१४ एच-६ ओ-८. दोन्हींचं वजन ३०२, प्रोटॉन गेल्यावर ३०१. एलॅजिक आम्ल हे जांभळाच्या बीत असणारच असं म्हणावं इतकं ओळखीचं, कारण ते टॅनिनमधूनच सुटतं. ते मी डोळ्यांआड केलं होतं, कारण क्वेरसेटिन हे नाव मला आधीपासून माहीत होतं.

फरक कुठे पडतो ते बघा. एका रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन जास्त, दुसऱ्यात त्याऐवजी एक ऑक्सिजन जास्त. ढोबळ हिशेबात दोन्ही १६. नेमक्या हिशेबात कार्बन आणि चार हायड्रोजन मिळून १६.०३१३, आणि ऑक्सिजन १५.९९४९. म्हणजे ०.०३६४ चा फरक. साध्या यंत्राला तो दिसत नाही, त्याच्या लेखी दोघेही ३०१.०. चार दशांश स्थळांपर्यंत वजन करणारं यंत्र हवं: ऑर्बिट्रॅप किंवा क्यू-टॉफ. त्यावर एलॅजिक आम्ल ३००.९९९० ला दिसेल आणि क्वेरसेटिन ३०१.०३५४ ला.

अशी यंत्रं पुण्यात आहेत, पण महाग आहेत आणि रांग मोठी असते. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात, जवळची सुविधा आणि तिची माहिती तिथे मिळते. मी शहरातल्याच एका संस्थेची केंद्रीय सुविधा निवडली. नाव लिहीत नाही, कारण पुढे जी वाट पाहावी लागली त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा नाही. तिथे शैक्षणिक दर एका इंजेक्शनला, म्हणजे नमुना यंत्रात एकदा सोडायला, तेव्हा १,८०० रुपये होता. शैक्षणिक दर हवा तर विद्यापीठाच्या पीएचडी नोंदणीचं पत्र जोडावं लागतं. ते नसेल तर बाहेरच्यांचा दर लागतो, तो याच्या कितीतरी पट.

२८ ऑगस्टला फॉर्म दिला. ४ सप्टेंबरला मेल आला, व्हॅक्यूमचा पंप दुरुस्तीला गेला आहे. १९ तारखेला गणपती बसले, २८ ला विसर्जन, त्या दहा दिवसांत विचारण्यात अर्थच नव्हता. मी दर सोमवारी एक छोटा, सभ्य मेल पाठवायचे: नंबर काय, नाव काय, स्थिती काय. तो क्रम सोडला नाही. या सहा आठवड्यांत मनात सारखं यायचं की आपण चुकीच्या वयात चुकीच्या गोष्टीला हात घातलाय. सकाळी सातला कॉलेज, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी मुलीचा अभ्यास. नवरा एकदा म्हणाला, "पंप तुझ्यामुळे बंद पडलेला नाही." त्या वाक्याचा आधार वाटला.

मात्र एक गोष्ट मी जाणून केली. अर्क आधी देऊन ठेवला नाही. टॅनिन पाण्यात राहिली की हळूहळू तुटतात आणि त्यातून एलॅजिक आम्ल सुटतं. सहा आठवडे पडून राहिलेल्या अर्कात जे दिसलं असतं ते बीचं की शिळेपणाचं, हे सांगता आलं नसतं. ११ ऑक्टोबरला फोन आला, "उद्या या." त्या संध्याकाळी फ्रीजरमधून एक पुडी काढली आणि ताजा अर्क केला. या वेळी एलसी-एमएस ग्रेडचं, म्हणजे अशा यंत्रासाठीचं अतिशुद्ध मेथनॉल आणि पाणी वापरलं, प्लास्टिकची नळी कुठेही नाही, सगळं काचेचं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. ऑपरेटर सरांनी शेजारी बसू दिलं. पाच इंजेक्शनं ठरली होती: तीन वेगवेगळे केलेले अर्क आणि दोन ब्लँक. ब्लँक म्हणजे बीची पावडर सोडून बाकी सगळं तसंच: तेच मेथनॉल, तोच फिल्टर, तीच व्हायल. ब्लँकचेही पैसे पडतात. ९,००० अधिक जीएसटी १,६२०, एकूण १०,६२०. ब्लँकवर ३,६०० रुपये कशाला घालवायचे असं विभागात कोणी म्हणालंही. सरांनी पहिलं ब्लँकच लावलं. पडद्यावर २५५.२३३० आणि २८३.२६४३ ठळक उभे राहिले. पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं, हाताला, साबणाला, प्लास्टिकला, कुठेही असतात. ऑगस्टमध्ये मी हेच दोन पीक जांभळाचे म्हणून वहीत लिहून ठेवले होते. त्या दोन ओळींवर तिथेच बसून काट मारली.

मग पहिला अर्क. अर्क सोडल्यापासून दीड मिनिटाच्या सुमारास १६९.०१४२, गॅलिक आम्ल. यंत्रातच त्याचा तुकडा केला तर १२५.०२४४, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गळून पडलेला. पाचव्या मिनिटाला ६३३.०७, आणि सात मिनिटांच्या जरा अलीकडे तो ३०१ चा पीक चढायला लागला. सरांनी त्यावर कर्सर नेला आणि खिडकी मोठी केली. ३००.९९८७.

मी आकडा तीनदा वाचला. एलॅजिक आम्लाच्या आकड्यापासून ०.०००३ दूर, म्हणजे दहा लाखांत एक भाग. क्वेरसेटिनपासून दहा लाखांत एकशे बावीस भाग. या यंत्राची चूक पाचच्या आत असते. सरांनी तुकडे केल्यावरचं चित्र उघडलं: २८४, २५७, २२९, १८५. क्वेरसेटिन तुटतं तेव्हा १७९ आणि १५१ दिसतात, कारण त्याचं मधलं कडं उघडतं. इथे त्यांचा मागमूस नव्हता. एलॅजिक आम्लाच्या रेणूत चार कडी एकमेकांना घट्ट जोडलेली असतात. ती तशी फुटत नाहीत, त्यातून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड सुटत जातात. चित्रात तेच दिसत होतं.

चूक उघड झाल्याचं वाईट वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. निबंधात छापून गेली असती तर ती माझ्या नावाने कायमची राहिली असती.

सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला एकटीला कधीच कळली नसती. पाच मिनिटांच्या जागीही ३००.९९९ चा एक छोटा पीक होता, अगदी ६३३ च्या खाली, त्याच वेळेला. "हे मोकळं एलॅजिक आम्ल नाही," ते म्हणाले. "६३३ वाला मोठा रेणू फवारा उडतो तिथेच, सोर्समध्येच फुटतोय आणि त्याचा तुकडा दिसतोय." ६३३.०७३३ हे कोरिलॅजिनचं वजन, जांभळाच्या बीत आढळणारं एक टॅनिन. एकाच वजनाचे दोन पीक, एक खरा आणि एक मोठ्या रेणूचा तुकडा. दोन्हींची बेरीज करून 'एलॅजिक आम्ल इतकं' असं लिहिणं चूकच ठरलं असतं.

निघताना दोन गोष्टी मागून घ्या. पीडीएफ अहवालावर थांबू नका, मूळ रॉ फाइल घ्या. पेन ड्राइव्ह चालत नसेल तर काय चालतं ते आदल्या दिवशी विचारा, माझ्याकडे त्यांनी नवी कोरी डिस्क मागितली होती. आणि मेथड शीट घ्या: कॉलम कोणता, ग्रेडियंट (द्रावकांचं बदलतं प्रमाण) कसा, फॉर्मिक आम्ल किती टक्के, व्होल्टेज किती. तीन महिन्यांनी लिहायला बसलात की ते कोणाच्याच लक्षात नसतं. रॉ फाइल एमएस-डायल किंवा एमझेडमाइनमध्ये उघडता येते, शैक्षणिक कामासाठी दोन्ही फुकट आहेत. तुकड्यांची तुलना मासबँक या ऑनलाइन संग्रहाशी करता येते, तेही फुकट. मला शिकायला तीन आठवडे लागले, रात्री साडेनऊ ते अकरा. पहिला आठवडा नुसता खिडक्या ओळखण्यात गेला.

इथपर्यंत आलं तरी 'सापडलं' असं म्हणता येत नाही. २००७ साली मेटाबोलोमिक्सवाल्यांनी (सजीवांतले छोटे रेणू अभ्यासणाऱ्यांनी) ओळखीच्या चार पातळ्या ठरवल्या. पहिली पातळी: खरं, विकत आणलेलं स्टँडर्ड (त्या पदार्थाचा शुद्ध नमुना) त्याच यंत्रावर, त्याच परिस्थितीत चालवून वेळ आणि तुकडे दोन्ही जुळले. दुसरी: फक्त मासबँकसारख्या संग्रहातल्या नोंदीशी जुळलं. तिसरी: रेणू कोणत्या घराण्यातला एवढंच कळलं. चौथी: अनोळखी. कँफेरॉल आणि ल्युटिओलिन या दोन फ्लॅवोनॉइडांचं सूत्रच एक आहे, त्यांच्यात चौथ्या काय, दहाव्या दशांशालाही फरक नाही. तिथे नुसत्या वजनावरून कितीही महागडं यंत्र नाव सांगू शकत नाही, खात्रीसाठी स्टँडर्डच लागतं. हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते.

दिवाळीआधी तीन स्टँडर्डची ऑर्डर दिली: गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, क्वेरसेटिन. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, मग ऑर्डर. ७,३५० रुपये. कोरिलॅजिनचा भाव एवढा होता की ते यादीतून काढावं लागलं. माल २२ नोव्हेंबरला आला. एलॅजिक आम्ल मेथनॉलमध्ये एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करायला घेतलं आणि ते विरघळेचना. बाटली हलवली, सोनिकेटरमध्ये ठेवली, कोमट केली, तरी तळाशी फिकट पिवळी साय बसलेलीच. दोन दिवस वाटत होतं की माल खराब आला. प्रत्यक्षात या रेणूचा स्वभावच तो, सपाट आणि एकमेकांना चिकटून बसणारा. डीएमएसओ या जास्त जोमदार द्रावकात आधी विरघळवायचं आणि मग मेथनॉलने पातळ करायचं. पाच मिनिटांत नितळ झालं.

७ डिसेंबरला पुन्हा त्याच यंत्रावर चार इंजेक्शनं. ८,४९६ रुपये. तिन्ही स्टँडर्डचं एकत्र मिश्रण, माझा अर्क, अर्कात मिश्रण टाकून, आणि ब्लँक. गॅलिक आम्ल जुळलं. एलॅजिक आम्ल ६.८ मिनिटांना आलं, अर्कातलंही ६.८ ला, आणि दोन्ही एकत्र केल्यावर पीक फुटला नाही, एकच राहून उंच झाला. क्वेरसेटिन ९.४ मिनिटांना आलं, ३०१.०३५४ ला. अर्कात त्या जागी रेघ सपाट होती.

सगळा खर्च मांडला तर यंत्राचे आणि स्टँडर्डचे मिळून २८,११८ रुपये झाले. मेथनॉल, फिल्टर, व्हायल, रिक्षा धरून आणखी सहा हजारांच्या आसपास. यातले काही महाविद्यालयाच्या छोट्या संशोधन निधीतून आले, बाकी माझे. नव्याने करणाऱ्याने पहिल्या साध्या यंत्रावर पैसे घालू नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. कच्चा अर्क कसा द्यायचा हे मी तिथेच शिकले, आणि १,६५२ रुपयांत शिकले.

१७ जानेवारी २०२४ ला प्रगती समितीसमोर बसले. तक्त्यात तीनच नावं होती. गॅलिक आम्ल, पातळी एक. एलॅजिक आम्ल, पातळी एक. कोरिलॅजिन, पातळी दोन. खाली एकोणीस ओळी नुसत्या आकड्यांच्या, नावाचा रकाना रिकामा. बाहेरून आलेल्या सरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "मागच्या अहवालात क्वेरसेटिन होतं. ते कुठे गेलं?"

मी १२ ऑक्टोबरचा प्रिंट त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन्सिलने ३००.९९८७ वर खूण केली. त्यांनी चष्मा वर सरकवून आकडा जवळून पाहिला, शेजारचं सपाट रेघेचं चित्र पाहिलं, आणि जुन्या अहवालाच्या प्रतीवर 'क्वेरसेटिन' या शब्दावर स्वतःच्या हाताने रेघ मारून बाजूला तारीख घातली. मग सही केली.